चालता कॉम्प्युटर बाद कोणी केला?

विंडोज १०चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या फुकट दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि त्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. पंधरा तारखेला बटण दाबल्यावर सगळे नेहमीसारखे सुरू झाले. तेवढाच वेळ घेत, पंख्याची तीच घरघर करत. त्यामुळे बऱ्याच घरांत असा समज झाला की कंपनी उगाच बागुलबुवा उभा करतेय, लक्ष दिलं नाही म्हणजे झालं. काही घरांनी मात्र पडद्यावरची सूचना वाचून धसका घेतला आणि दिवाळीच्या सेलमध्ये ईएमआयवर नवा लॅपटॉप उचलला. (मुदत संपली आणि आठवड्याभरात लक्ष्मीपूजन आलं, हा योग दुकानदारांना चांगलाच फळला.)

इंटरनेटचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांनुसार त्या सुमारास जगातले साधारण चाळीस टक्के विंडोज कॉम्प्युटर विंडोज १०वरच होते. त्यातल्या बऱ्याच जणांना विंडोज ११ घेता येतं, फक्त मालकांनी कंटाळा केलाय. प्रश्न उरतो तो ज्यांना जायचंय पण नव्या विंडोजने उंबऱ्यातच अडवलंय अशांचा. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३मध्ये अंदाज मांडला होता की असे सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगाराच्या वाटेला लागू शकतात. माझं म्हणणं त्यांच्यापुरतं आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊन कंपनी ग्राहकावर उपकार करत नाही, आपणच विकलेल्या मालातला दोष ती निस्तरत असते. तेव्हा तो दोष किती वर्षं निस्तरायचा हे विकणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. ती मुदत कायद्याने ठरावी आणि विकतानाच खोक्यावर छापलेली असावी.

दोष कसा, ते सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या दुरुस्त्या सोडते. हा शिरस्ता २००३पासूनचा आहे. त्यातल्या सुरक्षा-दुरुस्त्यांमध्ये ग्राहकाला नवं असं काही मिळत नाही. प्रोग्राम लिहिताना राहून गेलेली भोकं बुजवली जातात, एवढंच. २०२६मध्ये एखाद्या संशोधकाला नवं भोक सापडलं, तर ते २०२६मध्ये पडलेलं नसतं. बहुतेकदा तुम्ही लॅपटॉप विकत घेतलात त्या दिवशीही ते तिथेच होतं, फक्त कोणाच्या नजरेला आलेलं नव्हतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली. गाडी बनवताना चूक राहिली असेल तर दुरुस्ती बनवणाऱ्याच्या खर्चाने व्हायची. तिथेही सात वर्षांची मर्यादा आहे, पण ती मोजतात त्या गाडीच्या वयावरून. ते मॉडेल बाजारात पहिल्यांदा कधी आलं होतं, याच्याशी ग्राहकाला देणंघेणं नसतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र नेमकं उलट चालतं, त्याकडे पुढे येतोच.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आलं ते अटींची यादी घेऊनच. चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होतानाची आधुनिक, सुरक्षित पद्धत). इथवर कोणाची तक्रार नसावी. घोडं अडलं ते पुढच्या दोन अटींवर. एक म्हणजे टीपीएम २.०. ही मदरबोर्डवर वेगळी बसवलेली किंवा प्रोसेसरच्या पोटातच असलेली सोय; डिस्कच्या कुलुपाच्या किल्ल्या हिच्यात बाकीच्या यंत्रणेपासून अलग राहतात. दुसरी अट, प्रोसेसर मंजूर यादीतला हवा. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. इंटेलची सातवी पिढी आणि पहिले रायझन हे २०१७ साली नवेकोरे म्हणून विकले जात होते. विंडोज ११ आलं तेव्हा त्यांचं वय जेमतेम चार-पाच वर्षांचं. त्यातल्या पुष्कळांत टीपीएम २.० आहेसुद्धा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) शिरून पाहिलं तर इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडतं. बहुतेकदा ते बंद करून ठेवलेलं असतं.

(जाता जाता: तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल आणि तरीही ‘हा पीसी चालणार नाही’ असा निरोप येत असेल, तर दुकानात जाण्याआधी बायोसमध्ये हे एक बटण बघा. विंडोजमध्ये ‘टीपीएम.एमएससी’ चालवलं तरी ते चालू आहे की नाही हे कळतं. फुकटच्या या एका बदलाऐवजी किती लॅपटॉप खपले असतील, देव जाणे.)

ही रेघ सुरक्षेसाठीच ओढली, असं कंपनी सांगते. ते खरं आहे का, हे त्यांच्याच कागदांवरून पाहता येतं. विंडोज ११ ज्या ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाच्या संरक्षणावर भर देतं, ते कॉम्प्युटर न रखडता चालावं म्हणून प्रोसेसरमध्ये एक खास सोय लागते. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक माहितीप्रमाणे ही सोय इंटेलमध्ये कॅबी लेकपासून, म्हणजे सातव्या पिढीपासून आहे. एएमडीमध्ये झेन २ या नंतरच्या रचनेपासून. आता मंजूर यादी काढून बघा. ही सोय असलेली सातवी पिढी बाहेर, आणि झेन २च्या आधीचे, ही सोय नसलेले रायझन २००० आत. सुरक्षा हाच एक निकष असता तर यादी अशी निघाली नसती.

त्याहून गमतीची गोष्ट सर्फेस स्टुडिओ २ची. हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा महागडा डेस्कटॉप २०१८च्या अखेरीस बाजारात आला आणि त्यात प्रोसेसर होता सातव्या पिढीचा, कोअर आय७-७८२०एचक्यू. अटी जाहीर झाल्यावर कंपनीचंच हे मशीन बाद ठरत होतं. ऑगस्ट २०२१मध्ये यादी थोडी वाढवली गेली. काही कोअर एक्स आणि झिऑन प्रोसेसर आत आले, आणि सातव्या पिढीच्या इतक्या मोठ्या गोतावळ्यातून नेमका हाच एक. आधुनिक पद्धतीचे ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारे प्रोग्राम) घेऊन आलेल्या निवडक मशिनांपुरती ही सवलत आहे, असं कारण दिलं गेलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं; याला मराठीत दुसरा शब्दप्रयोग मला तरी सुचत नाही.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र नाही. त्याच ऑगस्टमधल्या खुलाशात तिने म्हटलं होतं की अटींत न बसणाऱ्या मशिनांवर चाचणीच्या काळात कर्नलचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचे, क्रॅश ५२ टक्क्यांनी जास्त झाले. जुन्या मशिनांच्या जाती असंख्य, त्यांचे ड्रायव्हर बनवणाऱ्या काही कंपन्याच आता उरलेल्या नाहीत. अशा प्रत्येक मशिनावर नवं विंडोज नीट चालेल याची हमी घेणं सोपं काम नाही आणि स्वस्तही नाही. हे सगळं मान्य करतो. म्हणूनच मी जुन्या कॉम्प्युटरांसाठी विंडोज ११ मागतच नाहीये. ते मधोमध आणलेलं स्टार्ट बटण आणि जिथेतिथे डोकावणारा एआय मदतनीस कोपायलट आमच्या सोसायटीतल्या काकूंना (त्यांच्याकडे पुढे येतो) नको आहे, मलाही नको आहे. मागणी एवढीच की विंडोज १०ची डागडुजी चालू ठेवा. नवी वैशिष्ट्यं आणि सुरक्षेची दुरुस्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांची मोट एकत्र बांधली की ग्राहकापुढे प्रश्न असा येतो: नवं मशीन घेतोस की धोका पत्करतोस? त्याला मुळात यातलं काहीच नको होतं.

‘दहा वर्षं दिली की,’ असं यावर उत्तर येतं. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ला, संपलं ऑक्टोबर २०२५मध्ये. हिशेब चोख दिसतो, पण ती दहा वर्षं कंपनीच्या कॅलेंडरवरची, ग्राहकाच्या घरातली नव्हेत. आठवा २०२०चा जून. शाळा ऑनलाइन झाल्या, घरात एक मोबाइल आणि दोन मुलं, आणि दुकानांत जो लॅपटॉप शिल्लक असेल तो लोकांनी पदरात पाडून घेतला. तेव्हा कमी किमतीच्या लॅपटॉपांत इंटेलचा आय३-७०२०यू किंवा एएमडीचे ए६, ए९ असे प्रोसेसर सर्रास असायचे. यातला एकही विंडोज ११च्या यादीत नाही. त्या आईबापांना मिळाली पाच वर्षं. विकताना त्यांना कोणी सांगितलं नाही की हा माल २०२५पर्यंतच चालेल. सांगणाऱ्या दुकानदारालाही ते ठाऊक नव्हतं, कारण विंडोज ११ येणार हेच तेव्हा जाहीर झालेलं नव्हतं. उलट मे २०१५मध्ये कंपनीच्या जेरी निक्सन यांनी इग्नाइट परिषदेत विंडोज १० हे शेवटचं विंडोज असल्याचं म्हटलं होतं. कंपनीने त्याला आश्वासनाचं रूप कधी दिलं नाही, पण खोडूनही काढलं नाही. वर्षानुवर्षं लोक तेच धरून चालले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विंडोज १०च्या दुरुस्त्या लिहिणं थांबलंय, असा बहुतेकांचा समज आहे. थांबलेलं नाही. कंपन्यांना आणि संस्थांना त्या विकत मिळतात: पहिल्या वर्षी प्रत्येक मशिनामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, ऑक्टोबर २०२८पर्यंत. शाळांना त्याच दुरुस्त्या पहिल्या वर्षी एका डॉलरमध्ये. कारखान्यांतली, बँकांच्या एटीएममधली, दवाखान्यांतल्या उपकरणांतली मशिनं ज्यावर चालतात ती विंडोज १०ची ‘आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१’ नावाची आवृत्ती तर जानेवारी २०३२पर्यंत दुरुस्त्या घेत राहणार आहे. तिचा गाभा घरातल्या विंडोज १०चाच. तेव्हा भोकं शोधणारे पगारावर आहेत, ती बुजवणारे पगारावर आहेत, बुजवलेला माल तयार होऊन सर्व्हरवर पडलेला आहे. तो काकूंच्या पीसीवर उतरू द्यायचा की नाही, एवढाच निर्णय बाकी होता. आणि तो तांत्रिक नाही, धंद्याचा आहे.

घरगुती ग्राहकांसाठी एक खिडकी उघडली गेली, हे नोंदवायला हवं. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच्या एका वर्षासाठी ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्डचे हजार पॉइंट द्या, किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवू द्या म्हणजे फुकट. तिन्ही वाटांना मायक्रोसॉफ्टचं खातं सक्तीचं. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवला तेव्हा तिथल्या लोकांना पैसे आणि क्लाउडची अट दोन्ही माफ झाली. खातं तेवढं राहिलं. एकाच दुरुस्तीचे जगात इतके भाव असू शकतात, तर भावाचा खर्चाशी संबंध नाही हे उघड आहे. जिथे कोणी भांडलं तिथे ती क्लाउडच्या अटीशिवाय फुकट झाली. आपल्याकडे कोणी भांडलं नाही.

काकूंचा उल्लेख वर आला. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात, निवृत्त शिक्षिका. २०१७ साली मुलाने असेम्बल करून दिलेला पीसी: आय३-७१००, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. त्यावर सोसायटीचा जमाखर्च एक्सेलमध्ये, पेन्शनची कामं, परदेशातल्या नातीशी व्हिडिओ कॉल. मशीन हळू झालं म्हणून त्यांनी दुकानातून माणूस बोलावला. त्याने कॅबिनेट उघडूनही पाहिलं नाही. “हा आता सपोर्टमध्ये नाही, काकू. ह्याचं काही होत नसतं,” असं म्हणून नव्याचं कोटेशन टेबलावर ठेवून गेला.

“अरे, चालतोय की! सपोर्ट गेला म्हणजे नेमकं गेलं काय?” काकूंनी मला विचारलं. शिक्षिकेचा प्रश्न होता, मोघम उत्तर चाललं नसतं.

कॅबिनेट उघडलं तर हीट सिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा अख्खा नमदा बसलेला आणि हार्ड डिस्क आतून टकटक करत होती. रविवारी दोघांनी मिळून साफसफाई केली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकला, रॅमची एक जुनी पट्टी मिळाली ती बसवली. खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. आधी चालू व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायचा, आता अर्ध्या मिनिटात लॉगिनचा पडदा येतो. म्हणजे हळूपणाचा आणि पाठिंबा संपण्याचा काडीचाही संबंध नव्हता. दुकानातल्या माणसाने दोन वेगळी दुखणी एका चिठ्ठीवर लिहिली आणि औषध एकच दिलं, ते म्हणजे नवं मशीन. हे एका दुकानाचं नाही, गल्लोगल्ली हेच चालू आहे. तेही अशा वेळी, जेव्हा २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचा बाजार ओढून घेतलाय आणि नव्या मशिनांच्या किमती त्यामुळे चढल्या आहेत.

दुरुस्त्यांसाठी नाव नोंदवताना मात्र गाडी अडली. काकूंचा पीसी साध्या लोकल खात्यावर चालायचा; आता ईमेल, नवा पासवर्ड, मोबाइलवर कोड, सेटिंग्ज क्लाउडवर ठेवायला संमती. “माझ्या पीसीतली चूक दुरुस्त करायला माझीच ओळखपरेड कशाला?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि मला वाटतं ते देण्याची जबाबदारी माझी नाहीच.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्याकडे जास्त लागू पडतो. इथल्या असेम्बल पीसींवर कितीतरी ठिकाणी विंडोज ‘टाकून दिलेलं’ असतं. दुकानदाराने पेनड्राइव्हवरून टाकलेलं, किल्ली कुठून आली ते विचारायचं नाही. ज्यांनी पैसेच दिले नाहीत त्यांना हक्क कसला? रास्त प्रश्न आहे. पण ब्रँडेड लॅपटॉपवरचं विंडोज फुकट आलेलं नसतं, लायसन्सची रक्कम लॅपटॉपच्या किमतीतच धरलेली असते. २०२०च्या जूनमध्ये शाळेसाठी लॅपटॉप घेणाऱ्याने विंडोजचे पैसे भरलेले आहेत. चोरट्यांच्या आडून त्याचा हक्क बुडवता येणार नाही. आणि चोरीचं विंडोज वापरणाऱ्यांचाही एक भाग विसरू नका: दुरुस्ती न झालेलं मशीन एकट्या मालकाला बाधत नाही.

मे २०१७मधलं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आठवत असेल. ज्या भोकातून ते शिरलं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती पाठिंबा चालू असलेल्या आवृत्त्यांना. जुन्या विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४मध्ये संपला होता. ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी कंपनीने एक्सपीसाठीही दुरुस्ती सर्वांना खुली केली. हातात होती म्हणूनच दिली, इतक्या तातडीने. दीडेक महिन्याने त्याच भोकाचा वापर करणारं नॉटपेट्या आलं. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर झोपवली आणि झळ थेट आपल्या उरणच्या जेएनपीटीमधल्या मर्स्क समूहाच्या कंटेनर टर्मिनलपर्यंत पोचली. एवढा एक न्याय इथे केला पाहिजे की वॉनाक्रायने गाठलेली बहुतेक मशिनं एक्सपीची नव्हे, विंडोज ७ची होती. पाठिंबा होता, दुरुस्ती आलेली होती, कोणी ती घेतलेली नव्हती. ‘अपडेट नंतर करू’ म्हणणारेही यात भागीदार आहेत. पण जो घ्यायला तयार आहे त्यालाच नाकारायचं, हे त्याहून वाईट.

मग लिनक्स टाका ना, असं माझे काही मित्र म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. केरळच्या सरकारी शाळा गेली पंधरा-वीस वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स २००७मध्येच आणलं. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, बँक, सातबाऱ्याचा उतारा एवढंच काम असेल तर जुन्या पीसीवर लिनक्स मिंट झकास चालतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आयताच येतो आणि लिब्रेऑफिसमध्ये अर्ज-पत्रं व्यवस्थित लिहिता येतात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर टाकावं. पण मराठी मुलखातल्या जुन्या कॉम्प्युटरांचं खरं चित्र पाहायचं तर एखाद्या डीटीपीवाल्याकडे जा. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतीचे अहवाल. सगळं अजून पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये. युनिकोड येण्याआधीच्या त्या फायली दुसरीकडे उघडल्या की अक्षरांचं भजं होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. फॉन्टचं कुलूप म्हणून मागे खोचलेलं डोंगल, त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजचा. वीस वर्षांचं काम त्या फायलींत आहे. त्याला ‘लिनक्स टाक’ म्हणणं म्हणजे धंदा बदल म्हणणं. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या किराणा दुकानदाराचंही थोड्याफार फरकाने तेच. लिनक्स हा काहींसाठी चांगला मार्ग आहे, त्यामुळे विकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

कचऱ्याबद्दल थोडंच सांगतो, कारण ते आता सगळ्यांना पाठ आहे. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनचा मोठा हिस्सा तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच खर्ची पडलेला असतो, म्हणून चालतं मशीन आणखी चार वर्षं चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. भारताचे २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. त्यांत जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्यांना जागा दिलेली आहे. पण ज्या मशिनाला सुरक्षेच्या दुरुस्त्याच मिळत नाहीत ते नीट करून विकायचं कोणाला?

हा मामला एकट्या मायक्रोसॉफ्टचा नाही. ॲपलने जून २०२५मध्ये सांगून टाकलं की मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती. इंटेलचा मॅक प्रो २०२३च्या मध्यापर्यंत नवा म्हणून विकला जात होता आणि त्याची किंमत ऐकली तर आपल्याकडच्या मध्यमवर्गीयाला भोवळ येईल. उलट गूगलने २०२३मध्ये क्रोमबुक लॅपटॉपांना दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. म्हणजे दहा वर्षं अशक्य नाहीत.

कायदा काय करू शकतो, याचा नमुना युरोपात तयार आहे. तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७पासून लागू होतील. पाठिंब्याचा काळ साधारणपणे किमान पाच वर्षं. तो कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात संपणार हे विक्रीच्या वेळीच सांगायचं. आणि शक्य असेल तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या वैशिष्ट्यांपासून वेगळ्या द्यायच्या. यातली पाच वर्षं मला कमी वाटतात. घरातला कॉम्प्युटर आपल्याकडे मोठ्या भावाकडून धाकटीकडे आणि तिच्याकडून आजोबांकडे जातो. दहा वर्षं हवीत, आणि ती त्या मॉडेलचा शेवटचा नग विकला गेल्यापासून मोजायला हवीत. युरोपातल्या मोबाइलच्या नियमांत, २० जून २०२५पासून, मोजणी अशीच शेवटच्या विक्रीपासून धरली आहे.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चं काम २०२२पासून हाती घेतलं. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीचा अहवाल मे २०२५मध्ये आला, आणि निकषांत सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअर अपडेटही आहे. सुरुवात मोबाइल-टॅबलेटपासून होणार आहे, ठीक आहे. पण कॉम्प्युटर त्यात पुढच्याच टप्प्यात यायला हवा. आणि नुसते गुण देऊन भागणार नाही. स्क्रू काढता येतो म्हणून चार गुण आणि अपडेट दोनच वर्षं म्हणून एक गुण, अशी बेरीज करून तारा लावला तर ग्राहकाला काहीच कळणार नाही. पाकिटबंद मालावर एमआरपी आणि बनवल्याचा महिना छापायची सक्ती आहेच. त्याच्या शेजारी ‘सुरक्षा दुरुस्त्या अमुक महिन्यापर्यंत’ ही ओळ छापायला लावा. मग बघा, तीन वर्षांची मुदत उरलेला जुना माल कोणत्या भावाने विकावा लागतो ते.

कायद्याला वेळ लागेल. पण सरकार हा स्वतःच फार मोठा गिऱ्हाईक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, तलाठी कार्यालयं, आयटीआय, ग्रंथालयं यांच्यासाठी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून आणि निविदांतून कॉम्प्युटरांची खरेदी सतत चालू असते. रॅम किती, स्क्रीन किती इंचांची, वॉरंटी किती वर्षांची हे निविदेत काटेकोर लिहिलेलं असतं. सोबत दिलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षेच्या दुरुस्त्या खरेदीपासून दहा वर्षं, जादा पैसे न घेता आणि खातं उघडायची सक्ती न करता मिळतील, ही अट त्यातच घालता येते. ती घालायला संसदेपर्यंत जावं लागत नाही, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचा एक शासन निर्णय पुरतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीची घरगुती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६लाच संपते. पुढची आवृत्ती सध्या फुकट मिळते, पण तिच्या पुढची कोणत्या प्रोसेसरला बाहेर ठेवेल हे आज शाळेला लॅपटॉप पुरवणारा ठेकेदार सांगू शकणार नाही. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या निविदा निघतील तेव्हा ही अट त्यात आहे का, हे शाळा व्यवस्थापन समित्यांवर बसलेल्या पालकांनी मुख्याध्यापकांना आतापासूनच विचारायला हरकत नाही.